थोपवणे आणि ठेवणे

चालू असलेली गोष्ट मध्येच थांबवावी लागते, हा अनुभव कोणालाच नवा नाही. भाकरी तव्यावर असताना दारात कोणी आले तर चूल मंद करावी लागते. गणसंख्येअभावी सभा तहकूब होते, न्यायालय पुढची तारीख देते, ओढ्याला पाणी आले की एसटी अलीकडच्या काठावर उभी राहते. थांबवणे हा व्यवहाराचाच एक भाग असल्यामुळे त्याविषयी निराळा विचार करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. आरंभाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, शेवटाविषयी तर त्याहून अधिक. मुहूर्त आणि मोक्ष या दोन टोकांमध्ये आपले चिंतन येरझारा घालत राहिले. परंतु जे संपलेले नाही आणि चालूही नाही, त्या मधल्या अवस्थेचे काय? जो थांबवतो त्याच्यावर थांबवलेल्याचे काही ऋण चढते काय, आणि चढत असेल तर ते कोणते?

हा प्रश्न त्याच्या सर्वात स्वच्छ रूपात पाहायचा असेल तर तो आज टेबलावरच्या संगणकात पाहावा. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारा विद्यार्थी आपल्या एका यंत्राच्या पोटात दुसरे यंत्र चालवू शकतो. या दुसऱ्या यंत्राला स्वतःची पेटी नसते, तारा नसतात. एक आज्ञावली त्याच्यासाठी प्रोसेसरचे, स्मृतीचे आणि तबकडीचे सोंग वठवते, आणि आतले यंत्र ते सोंग खरे मानून बिनघोर काम करते. त्याला आभासी यंत्र, व्हर्च्युअल मशीन, असे म्हणतात. ही कल्पना १९६० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील प्रयोगशाळेत आकाराला आली. त्या काळी ती खोलीभर पसरलेल्या यंत्रांपुरतीच होती. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने ती घरगुती संगणकावर आणली, आणि २००७ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्समुळे ती विद्यार्थ्यालाही फुकट मिळू लागली. बाहेरच्या यंत्राला यजमान आणि आतल्याला पाहुणा म्हणण्याचा या शास्त्रात प्रघात आहे. तो आपल्याला सोयीचा आहे, कारण पाहुण्याविषयीची कर्तव्ये हा विषय आपल्याला अपरिचित नाही.

आता या पाहुण्याचे काम अर्ध्यावर थांबवायचे झाले तर यजमानाजवळ दोन मार्ग असतात. पहिल्याला ‘पॉज’ म्हणतात. पाहुण्याचा प्रोसेसर जागच्या जागी थबकतो. अर्धी झालेली बेरीज अर्धीच राहते, अर्धे उमटलेले अक्षर अर्धेच राहते. मात्र त्याने व्यापलेली स्मृती त्याच्याकडेच असते. यजमानाजवळ सोळा गिगाबाइट स्मृती असेल आणि त्यातली चार पाहुण्याला दिली असेल, तर पाहुणा काही न करता बसला असतानाही ती चार अडकून पडतात. पुन्हा चालू करायला क्षणही लागत नाही. पण मधल्या वेळात वीज गेली तर त्या स्मृतीत जे होते ते सगळे जाते. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या महाराष्ट्राला याचा अर्थ अधिक फोडून सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या मार्गाला कोठे ‘सस्पेंड’ म्हणतात, कोठे ‘सेव्ह स्टेट’. यात पाहुण्याच्या स्मृतीतला सगळा मजकूर आणि प्रोसेसर नेमका कोणत्या पावलावर होता ही नोंद तबकडीवरच्या एका फाइलीत उतरवून घेतात. याला वेळ लागतो. चार गिगाबाइटची स्मृती उतरवायची तर तबकडीवर तितकी जागा लागू शकते. परत आणतानाही तितकाच मजकूर वाचावा लागतो. परंतु एकदा उतरवून घेतले की अडकलेली स्मृती यजमानाला मोकळी मिळते. यजमान खुशाल बंद करावा, आठ दिवस गावी जाऊन यावे, आणि परत आल्यावर पाहुण्याला उठवावे. तो ज्या शब्दावर थांबला होता त्याच शब्दापासून पुढे लिहू लागतो.

मराठीत या दोन क्रियांना दोन चांगली क्रियापदे आहेत: थोपवणे आणि ठेवणे. आपण शत्रूला थोपवतो, पुराला थोपवतो, रडू थोपवतो. थोपवायला जोर लावावा लागतो, आणि तो लावून धरावा लागतो. हात काढला की थोपवणे संपले. ठेवण्याचे तसे नाही. ठेवण्यासाठी आधी जागा शोधावी लागते, वस्तू पुसूनपासून बांधावी लागते, कोठे ठेवली हे लक्षात राखावे लागते. मग मात्र हात मोकळे होतात. ठेव, ठेवा, ठेवणीतले लुगडे हे सगळे शब्द त्याच घरातले. ठेव म्हटली की पावती आली, मुदत आली, आणि परत करण्याचे वचनही आले.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, पाहुण्याच्या दृष्टीने या दोन प्रकारांत काडीचाही फरक नाही. त्याला थोपवले काय आणि ठेवले काय, आतून तो अनुभव एकच, म्हणजे काहीच नाही. गाढ झोपेतून उठलेला माणूस निदान आपण झोपलो होतो एवढे तरी जाणतो. झोप छान लागली होती असे तो सांगतो, आणि या साध्या वाक्यावरून आपल्या वेदान्त्यांनी झोपेतही कोणीतरी साक्षी जागा असतो असे अनुमान बांधले. यंत्रात असा साक्षी नाही. त्याच्या लेखी मागचा क्षण आणि पुढचा क्षण एकमेकांना चिकटलेले आहेत. मधले आठ दिवस त्याच्या आयुष्यात पडलेच नाहीत. म्हणून त्याला तक्रार नाही, आणि तक्रार करण्याची सोयही नाही. जो फरक आहे तो सगळा यजमानाच्या बाजूचा आहे: किंमत कोण देतो, किती दिवस देतो, धोका कोणता पत्करतो. जेथे एका पक्षाला बोलताच येत नाही तेथे नीतीचा सगळा भार दुसऱ्यावर पडतो. हे तान्ह्या मुलाच्या बाबतीत खरे आहे, ठेवीच्या बाबतीत खरे आहे, आणि थांबवलेल्याच्या बाबतीतही खरे आहे.

दुसरी गोष्ट नावांची. ज्याला एक आज्ञावली ‘सस्पेंड’ म्हणते ते दुसरीत भलतेच असते. लिनक्सवर आभासी यंत्रे चालवण्याचे ‘विर्श’ नावाचे एक साधन आहे. त्यात ‘सस्पेंड’ ही आज्ञा दिली तर पाहुणा स्मृतीतच थबकून राहतो, म्हणजे आपल्या शब्दांत तो थोपवला जातो. तबकडीवर उतरवायचा तर ‘सेव्ह’ म्हणावे लागते. तेव्हा नावावर विसंबू नये, किंमत कोठे चुकती होते ते पाहावे. स्मृती अडकली आहे की मोकळी झाली आहे, एवढे विचारले की खरा प्रकार उघडा पडतो.

ही कसोटी हाती घेऊन सरकारी कचेरीत गेले तर एक नवल दिसते. ‘सस्पेंड’ हा शब्द महाराष्ट्राला संगणकाने शिकवलेला नाही. तलाठी, शिक्षक, पोलीस यांच्या घरी तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे. निलंबन ही शिक्षा नव्हे, चौकशी पुरी होईपर्यंतची केवळ व्यवस्था, असे कायदा मानतो. १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांप्रमाणे निलंबित कर्मचाऱ्याला पहिल्या तीन महिन्यांत अर्धवेतनी रजेच्या पगाराइतका निर्वाहभत्ता मिळतो. पुढे परिस्थितीप्रमाणे तो वाढवता येतो किंवा कमीही करता येतो. भत्ता हवा तर आपण दुसरी नोकरी वा धंदा करीत नाही असे त्याला लिहून द्यावे लागते, आणि नेमून दिलेले मुख्यालय परवानगीवाचून सोडता येत नाही. आता आपली कसोटी लावू. काम बंद आहे, जागा अडलेली आहे, खर्च चालू आहे, आणि माणूस दुसरीकडे कोठे जाऊ शकत नाही. हा नावाने ‘सस्पेंड’ असला तरी जातीने निव्वळ ‘पॉज’ आहे. सरकारने त्याला ठेवलेले नाही, थोपवून धरले आहे.

यंत्राहून येथे एक गोष्ट अधिक आहे, आणि ती भयंकर आहे. हा पाहुणा जागा आहे. आपण थांबलो आहोत हे त्याला रोज सकाळी कळते. शेजारी विचारतात तेव्हा कळते, मुलीच्या सोयरिकीचे बोलणे अडते तेव्हा कळते. यंत्राचे आठ दिवस शून्य असतात, याचे तीन महिने नव्वद दिवसांचे असतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी यांच्या खटल्यात असे सांगितले की, तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन त्यापुढे चालू ठेवू नये, आणि दिले असेल तर मुदत वाढवण्याची कारणे लिहून द्यावीत. या निकालाचे मर्म एका वाक्यात सांगता येईल: थोपवून धरायचे असेल तर थोड्या काळासाठी धरा, आणि जास्त धरायचे असेल तर लिहा. न्यायमूर्तींसमोर संगणक नव्हता, पण यजमानाचे कर्तव्य तेच निघाले.

मग माणसे एवढ्या सर्रास थोपवण्याचा मार्ग का धरतात? कारण सुरुवातीला तो फुकट वाटतो. एक कळ दाबली की झाले. ‘तूर्त राहू द्या’ या तीन शब्दांत हजारो कामे, नाती आणि भांडणे थोपवलेली आहेत. ठेवण्याची मेहनत पहिल्याच दिवशी करावी लागते. ती किती असते हे समजून घ्यायचे असेल तर सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे आठवावीत. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, तोंड अरुंद आणि पोट रुंद ठेवायचे, आत अस्तर द्यायचे, हळद भरायची आणि तोंड बुजवून टाकायचे. आत हवा खेळत नाही, त्यामुळे किडीला जगता येत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. पण त्यापूर्वी ती शिजवावी लागते, वाळवावी लागते. ओली हळद पेवात घातली तर सडेल. ठेवण्यासाठी वस्तूला आधी ठेवण्याजोगी करावी लागते, हा पहिला धडा. उघडतानाही घाई चालत नाही, कारण पेवात साचलेली हवा माणसाच्या जिवावर बेतू शकते. तोंड मोकळे करून थांबायचे आणि मगच उतरायचे. परत आणण्यालाही वेळ द्यावा लागतो, हा दुसरा धडा.

आणि तिसरा धडा असा की, ठेवणे म्हणजे अभय नव्हे. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि हळद भिजली. त्यानंतर गोदामे आणि शीतगृहे यांच्याकडे व्यापाऱ्यांचा कल वाढला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. तबकडीही बिघडते, कागदालाही वाळवी लागते. तेव्हा ठेवणे निर्धोक आणि थोपवणे धोक्याचे, असा सोपा निवाडा करता येत नाही. फरक धोक्याच्या जातीत आहे. थोपवलेल्याचा धोका आपल्या हाताच्या थकव्यातून येतो, ठेवलेल्याचा धोका जगातून येतो. पहिल्याला आपण जबाबदार असतो. दुसऱ्यात, आपली तजवीज चोख असेल तर, निदान आपला हलगर्जीपणा तरी नसतो.

आतापर्यंत आपण थांबवण्याचा विचार केला. उठवण्याचा करायचा राहिला. उठवलेल्या यंत्राचे घड्याळ मागे राहिलेले असते. ते ज्यांच्याशी बोलत होते ते दूरचे संगणक वाट पाहून संवाद तोडून गेलेले असतात. आत काहीच बदललेले नाही आणि बाहेर सगळे बदलले आहे. यंत्राला याचा पत्ता नसतो. म्हणून सुजाण यजमान पाहुण्याला उठवल्याबरोबर खरी वेळ सांगतो; त्यासाठी निराळी सोयच केलेली असते. ती नसेल तर पाहुणा कालच्या तारखेने आजची पत्रे लिहीत बसेल.

साताऱ्याच्या इतिहासात असा एक उठवण्याचा प्रसंग आहे, आणि त्याने महाराष्ट्राचा नकाशा बदलला. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा संभाजी महाराजांचा मुलगा शाहू सात वर्षांचा होता. आई येसूबाईंसह तो मोगलांच्या कैदेत गेला. औरंगजेबाने त्याला मारले नाही आणि सोडलेही नाही. सात हजारांची मनसब दिली, राजा म्हटले, आणि स्वतःच्या छावणीत नजरेसमोर ठेवले. ‘ठेवले’ हा शब्द येथे ओघाने आला, पण खरे म्हणजे त्याला थोपवले होते. ज्या हाताने थोपवले तो हात १७०७ मध्ये गळून पडला, आणि आजमशाहाने शाहूला सोडले. येसूबाईंची सुटका व्हायला १७१९ उजाडले. शाहू पंचवीस वर्षांचा होऊन परतला, तेव्हा मधल्या अठरा वर्षांत राजाराम महाराज जिंजीला जाऊन, लढून, मरण पावले होते. ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाच्या डोळ्यादेखत राज्य चालवले होते.

दोघांचीही बाजू नीट ऐकली पाहिजे. शाहूचे म्हणणे असे की, मी थोरल्या शाखेचा वारस. मी आपण होऊन गेलो नव्हतो, मला अडवले होते. अडवण्याने हक्क जात नाही. ताराबाईंचे म्हणणे असे की, थोरल्या महाराजांनी मिळवलेले राज्य संभाजीराजांच्या काळात गेले. आज जे आहे ते राजाराम महाराजांनी नव्याने मिळवलेले आणि आम्ही रक्त सांडून राखलेले आहे. त्यावर छावणीतून आलेल्याचा हक्क कसा? पहिला म्हणतो, माझे घड्याळ थांबले तेथून मोजा. दुसरी म्हणते, घड्याळ कधी थांबलेच नाही. १७०७ च्या ऑक्टोबरात खेडजवळ लढाई झाली, धनाजी जाधव शाहूकडे आले, आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास शाहूचा राज्याभिषेक झाला. पण ताराबाईंचा मुद्दा तलवारीने खोटा ठरला नाही. कोल्हापूरची गादी निराळी झाली ती झालीच. १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन दोन राज्यांची हद्द ठरली, आणि ही हद्द ज्या कृष्णा-वारणेच्या संगमापासून पुढे मोजली गेली तो संगम म्हणजे मघाचे हरिपूर.

मला या तहात मोठे शहाणपण दिसते. थांबवल्याने हक्क बुडत नाही, हे त्याने मान्य केले. त्याचबरोबर, उठलेल्याचा हक्क मधल्या काळात इतरांनी केलेल्या कामाला गिळून टाकू शकत नाही, हेही मान्य केले. वाईट एवढेच की ते मान्य व्हायला चोवीस वर्षे आणि पुष्कळ माणसे लागली. सोडणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती. मराठ्यांत दुफळी माजावी हाच तर त्याचा हेतू होता. थांबवलेल्याला खरी वेळ न सांगता रणात सोडून देणे हे उठवणे नव्हे, तो एक डाव असतो.

याउलट प्रामाणिकपणे कसे थांबवावे याचा नमुनाही सांगलीत पाहायला मिळे. सांगली हे बुद्धिबळाचे गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तेथे नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि पुढे त्या गावाने स्वाती घाटेंसारख्या खेळाडू दिल्या. जुन्या पद्धतीत डाव लांबला तर तो तहकूब करीत. ज्याची पाळी असेल तो आपली पुढची चाल गुप्तपणे कागदावर लिहून पाकिटात घाली. पाकिटावर पटाची स्थिती आणि दोघांनी खर्चलेला वेळ यांची नोंद होई. पाकीट बंद होऊन पंचाच्या ताब्यात जाई. पट मोकळा, खेळाडू मोकळे. दुसऱ्या दिवशी पाकीट फोडून ती चाल केली की डाव पुढे सुरू. यात तीन गोष्टी आहेत. स्थिती पूर्ण लिहिली गेली. ती दोघांपैकी कोणाच्याही हाती राहिली नाही. आणि पुढची चाल थांबण्याआधीच बांधली गेली, त्यामुळे थांबण्याचा गैरफायदा कोणाला घेता आला नाही. संगणक आल्यावर ही पद्धत मागे पडली, कारण पट थांबला तरी रात्रभर यंत्र चाली शोधू लागले. एका बाजूने विचार चालूच राहिला तर थांबणे हे सोंग ठरते, हे बुद्धिबळवाल्यांनी ओळखले.

त्याच खेळात उलटे उदाहरणही आहे. १९८४ मध्ये मॉस्कोत सुरू झालेला कारपोव्ह-कास्पारोव्ह सामना ४८ डावांनंतर, १९८५ च्या फेब्रुवारीत, जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी निकालावाचून बंद केला. तेव्हा कारपोव्ह पाच विरुद्ध तीन विजयांनी पुढे होता. त्याच वर्षी नवा सामना झाला तो शून्यापासून. त्याला थोपवणे म्हणता येत नाही आणि ठेवणेही म्हणता येत नाही. ते पुसणे झाले. पण पुसण्याला निदान पुसणे म्हटले होते.

आपल्या दोन जिल्ह्यांनी जे भोगले त्याला तसे नावही मिळाले नाही. मुंबईच्या गिरणगावात सातारा-सांगलीकडची माणसे पिढ्यान् पिढ्या साच्यांवर उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. महिने गेले, खानावळींची देणी थकली, आणि पुष्कळजण गावाकडे परतले. आज-उद्या मिटेल, मग बोलावणे येईल, या हिशेबाने परतले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर मनोरे उठले, आणि संप मात्र कागदोपत्री कोणी संपवला नाही. आपल्या शब्दांत सांगायचे तर पाहुण्याला थोपवून ठेवले आणि यजमानच बंद झाला. कोणाची स्थिती कोणी लिहून घेतली नाही. पाकीट नव्हते, पंच नव्हता, मुदत नव्हती. संप हरला असता तर दुःख झाले असते, पण माणसाने दुसरे काम धरले असते. थोपवलेला माणूस दुसरे काम धरतो तेही तूर्त म्हणून. शेतात राबतो तोही बोलावणे येईपर्यंत. अशा ‘तूर्त’मध्ये एखाद्याची सगळी हयात निघून जाते.

येथे कोणी म्हणेल, काही गोष्टी थोपवूनच धराव्या लागतात. आजाऱ्याजवळ बसलेला माणूस आपले काम फाइलीत घालून कसे ठेवील? म्हणणे रास्त आहे. थोडा वेळ, डोळ्यासमोर, हात न काढता थोपवणे यात काही गैर नाही. तव्याखालचा जाळ मंद करणाऱ्या बाईने पावती लिहून द्यावी असे कोणी म्हणणार नाही. आपत्ती तेव्हा ओढवते, जेव्हा थोड्यासाठी धरलेले पुष्कळासाठी होते आणि धरणाऱ्याला त्याचा विसर पडतो. आणखीही एक सांगितले पाहिजे. थोपवणे आणि ठेवणे या दोहोंच्या पलीकडे बंद करणे नावाची एक प्रामाणिक क्रिया आहे. जे परत आणायचेच नाही त्याला ठेवीचे नाव देऊन फळीवर टाकणे हाही एक प्रकारचा खोटेपणा आहे.

तात्पर्य, थांबवणाऱ्यावर ऋण चढते, आणि ते तीन प्रकारचे आहे. थांबवण्यापूर्वी स्थिती पूर्ण लिहावी, म्हणजे उठवणे आपल्या स्मरणावर किंवा मर्जीवर अवलंबून राहत नाही. थांबवलेल्याला अडकवून ठेवू नये. तो माणूस असेल तर मधल्या काळात त्याला दुसरीकडे जगण्याची मोकळीक द्यावी. आणि उठवताना त्याला खरी वेळ सांगावी: किती दिवस गेले, कोण काय मिळवून बसले, त्याचे काय शिल्लक आहे. यंत्राच्या बाबतीत ही तीनही कामे एका आज्ञेत होतात. माणसाच्या बाबतीत ती करायला कोणीतरी बसावे लागते.

हे मोठ्या इतिहासापुरतेच आहे असे समजू नये. दहावी झालेल्या मुलीला घरात सांगतात, ‘यंदाचं वर्ष थांब, दादाचं मार्गी लागू दे, मग बघू.’ सांगणारे वडील दुष्ट नसतात, त्यांची ओढाताण खरी असते, आणि मुलगीही ‘बरं’ म्हणते. पण शाळेतून दाखला काढलेला नसतो, कॉलेजात नाव घातलेले नसते, पैसे कोठून येतील याची चिठ्ठी कोणी लिहिलेली नसते, आणि ‘मग’ म्हणजे कोणता महिना हे कोणी बोललेले नसते. तिला थोपवले आहे, ठेवलेले नाही. त्या संध्याकाळी वडिलांनी कॅलेंडरवर पुढच्या जूनची तारीख काढून तिच्यासमोर खूण केली, दाखला आणून तिच्याच पेटीत ठेवला, आणि तोवर तिला काही शिकायला मोकळे सोडले, तर घरातली पैशांची अडचण काही कमी होणार नाही. पण जूनमध्ये ती मुलगी ती तारीख दाखवून वडिलांना विचारू शकेल.